शांत यादी

औषधांच्या खिडकीसमोर मोनालीनं संघमित्राचे दोन्ही हात धरले.

"ताई, तुम्ही रोज फोन करता म्हणून आई तग धरून आहे. तुमचा आवाज ऐकला का तिचं घाबरणं थांबते."

संघमित्रा खोब्रागडे हसली, "काळजी घे," म्हणाली आणि जिन्याकडे वळली. तिसऱ्या पायरीवर तिचे पाय थांबले. मोनालीच्या आईला, चंद्रकला पिदूरकरांना, तिनं गेल्या पाच आठवड्यांत एकही फोन केला नव्हता.

मागे वळून पाहिलं तेव्हा मोनाली मॉर्फिनची बाटली पिशवीत ठेवून मूल गावच्या गाडीसाठी निघून गेली होती.

चंद्रपुरातल्या त्या कर्करोग रुग्णालयात संघमित्रा फुफ्फुस विभागाची केस मॅनेजर नर्स होती. वय एकोणचाळीस. इंजेक्शन देणं, सलाईन लावणं हे तिचं काम उरलं नव्हतं. ज्या दिवशी माणसाला कॅन्सर असल्याचं सांगितलं जाई, त्या दिवसापासून तो माणूस तिच्या नावावर. गाठीचा तुकडा तपासायला कुठे गेला, अहवाल कधी येणार, स्कॅनची तारीख कोणती, सोबत कोण येणार, गोळ्यांनी अंगावर पुरळ आलं तर काय लावायचं, कुणी गोळ्या बंद करून घरच्यांपासून लपवलंय, कुणाची बायको जिन्याखाली रडते आहे, हे सगळं तिला माहीत असायला लागे. चार नर्स होत्या आणि रुग्ण पावणेसहाशे.

म्हणून 'सांगाती' आला होता.

सांगाती ही संगणकप्रणाली. प्रत्येक रुग्णाच्या छातीवर बोटभर लांबीची पट्टी चिकटवलेली असे. ती श्वासाचा वेग, खोकल्याचा आवाज, ताप, झोप आणि रक्तातला ऑक्सिजन मोजायची. शिवाय पंधरवड्याला रक्ताची एक तपासणी. गाठीतल्या पेशी मरताना त्यांच्या जनुकांचे तुकडे रक्तात सुटतात. ते मोजले की गाठ वाढते आहे की आटते आहे, याचा अंदाज स्कॅनच्या आधी लागतो. या सगळ्यावरून सांगाती तीन आठवडे पुढचं सांगायचा, कुणाच्या छातीत पाणी भरेल, कुणाचं औषध निकामी होईल. दहापैकी नऊ वेळा त्याचं बरोबर निघे.

मग दोन वर्षांनी त्याला एक गोष्ट सापडली, जी शोधायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. नर्स आजारी पडत, रजेवर जात, त्यांच्या बदल्या होत. तेवढ्या काळात त्यांच्या रुग्णांना कुणी फोन करत नसे. सांगातीनं अशा शेकडो मोकळ्या आठवड्यांची तुलना भरलेल्या आठवड्यांशी केली. मधल्या अवस्थेतल्या रुग्णांशी त्यांची नर्स नियमित बोलत असेल, तर ते सरासरी साडेचार महिने जास्त जगत होते. काही महागड्या औषधांनाही इतकं जमत नव्हतं. ताप वेळेवर सांगितला जाई, गोळ्या सुटत नसत, माणूस धीर सोडत नसे.

ही बातमी आली तेव्हा चौघी नर्सनी पेढे वाटले होते.

त्याच अहवालाच्या दुसऱ्या पानावर दुसरा निष्कर्ष होता. ज्यांचा आजार फार पुढे गेला आहे, त्यांच्या बाबतीत नर्स बोलली काय किंवा न बोलली काय, दिवसांत काही फरक पडत नव्हता. महिन्याभरातच नवा नियम आला. नर्सचा वेळ हेच औषध, तर ते जिथे लागू पडतं तिथेच द्यायचं. उरलेल्यांची वेगळी यादी झाली. कागदोपत्री तिला 'शांत यादी' म्हणत.

चंद्रकलाबाई त्या यादीत गेल्या होत्या.

*

"त्यांना माझ्या आवाजात फोन जातोय?" संघमित्रानं विचारलं.

डॉ. देवतळे विभागप्रमुख होते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही सही केली होती."

केली होती. दोन वर्षांपूर्वी एका बंद खोलीत बसून तिनं तीन तास वाक्यं वाचली होती. गोळी घेतली का, ताप मोजला का, पाणी प्या. गोळ्यांच्या आठवणीसाठी, असं तेव्हा सांगितलं होतं.

"ते आठवण करून देण्यासाठी होतं, सर. गप्पा मारायला नाही."

"शांत यादीवर तीनशे बारा माणसं आहेत, सिस्टर. त्यांना कुणीच फोन करायचा नाही, की तुमच्या आवाजानं करायचा? लोकांना बरं वाटतंय. तक्रार एकही नाही."

"त्यांना वाटतं मीच बोलते."

"हो." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "सांगाती नव्हता तेव्हा आपण कमी माणसं विसरत होतो असं वाटतं का तुम्हाला? तेव्हा आपण कुणाला विसरलो तेही कळत नव्हतं. मला आणखी चार नर्स द्या, मी आजच्या आज ती यादी बंद करतो."

तिनं फक्त चंद्रकलाबाईंच्या फोनची नोंद मागितली. त्यांनी तिला ती उघडून दिली.

पस्तीस दिवसांचे एकेचाळीस संवाद होते. संघमित्रानं जेवणाच्या सुट्टीत वाचायला घेतलं आणि डबा तसाच राहिला. चंद्रकलाबाईंनी तिच्या आवाजाला सगळं सांगितलं होतं. श्वास कसा पुरत नाही, आडवं पडलं की छातीवर पोतं ठेवल्यासारखं कसं होतं, मोनालीला काही बोलता येत नाही कारण ती लगेच नागपूरला न्यायचं काढते. आणि अकरा वेळा एकच वाक्य: "ताई, एकदा येऊन जा ना घरी."

अकराही वेळा संघमित्राच्या आवाजानं उत्तर दिलं होतं, "हो काकू, जमेल तशी येते."

*

चंद्रकलाबाईंनी आयुष्यात बिडी ओढली नव्हती. मूलच्या पुढे चौदा किलोमीटरवर बोरगाव. तिथल्या शाळेत त्या अठरा वर्षं पोषण आहाराची खिचडी शिजवत होत्या, टिनाच्या शेडमध्ये, ओल्या लाकडांच्या चुलीवर, एकशे चाळीस पोरांसाठी. धूर न ओढता धुरातच उभ्या राहिलेल्या अशा अनेक बायकांच्या गाठीत एक ठरावीक जनुक बिघडलेलं सापडतं, आणि त्यावर गोळी लागू पडते. त्यांना ती दोन वर्षं छान लागू पडली. मग गाठीनं गोळीला चकवलं. दुसरी गोळी चार महिने चालली. आता आजार मेंदूत पोचला होता. सांगाती म्हणत होता, सात आठवडे. त्यातले पाच गेले होते.

रजा मागितली असती तर नियमाप्रमाणे कारण द्यावं लागलं असतं. शांत यादीच्या रुग्णाकडे जाणं हे कारण चाललं नसतं. बुधवारी सकाळी संघमित्रानं आपल्या पासष्ट रुग्णांच्या पट्ट्या तपासल्या. सगळे ठीक होते. फक्त एसटी डेपोतले मेकॅनिक सुधाकर येरगुडे यांच्या केमोचा नववा दिवस होता. केमोनंतर आठ-दहा दिवसांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात, आणि तेव्हा साधा तापही काही तासांत जीव घेऊ शकतो. पण सुधाकरची गाठ निम्म्यानं आटली होती. त्रेचाळीस वर्षांचा धट्टाकट्टा माणूस, तिच्या यादीतला सगळ्यांत आशेचा. ताप नव्हता. त्याला बाराला फोन करायचा होता. तिनं ठरवलं, दोनपर्यंत परत येऊ आणि तेव्हा करू.

कामाच्या फोनवरून ती कुठे आहे ते दिसत असे. तिनं तो फोन आवाज बंद करून आपल्या टेबलाच्या खणात ठेवला, 'उपलब्ध' ही खूण तशीच राहू दिली, आणि सव्वादहाची बस पकडली.

*

चंद्रकलाबाई ओसरीतल्या बाजेवर उशांना टेकून बसल्या होत्या. गालांची हाडं वर आली होती. संघमित्राला पाहून त्यांचे डोळे भरले नाहीत. त्या नीट निरखून पाहत राहिल्या.

"आल्या," त्या म्हणाल्या. "मले वाटलं नोहतं येसान."

"काकू, मला तुम्हाला काही सांगायचं आहे. ते जे फोन..."

"ते तुम्ही नोहता. माहीत हाय मले."

आत चहा ठेवणारी मोनाली दारात येऊन उभी राहिली.

"तुम्ही बोलता बोलता श्वास घेता," चंद्रकलाबाई म्हणाल्या. दर तीन शब्दांनी त्यांना थांबावं लागत होतं. "ते घेतच नाही. लांबच्या लांब बोलते. मी दिवसभर... श्वासच तं मोजत राहतो ना, बाई. दुसऱ्या दिवशीच समजलं."

"मग तुम्ही त्याच्याशी बोलत का राहिलात?"

"मोनाली कामाले गेली का घरात कोणी नसते. चांगलं बोलते ते." त्या दम घेऊन थांबल्या. "पण येतो येतो म्हणे. म्हटलं पाहू तरी, खरंच कोणी येते का."

संघमित्रानं मान खाली घातली. मग तिनं पर्स बाजूला ठेवली आणि कामाला लागली, कारण दुसरं काही करणं तिला शक्य नव्हतं.

मॉर्फिनची बाटली जेमतेम दोन चमचे कमी झाली होती. मोनालीला भीती वाटत होती की त्यानं आई झोपेतच जाईल. संघमित्रानं तिच्यासमोर पिचकारीत मोजून डोस भरला. "हे दुखण्यासाठी आहे तसं श्वासासाठीही आहे. एवढ्याशा डोसानं कुणी जात नाही. दर चार तासांनी द्यायचं, त्रास सुरू व्हायची वाट पाहायची नाही. आणि पोट साफ व्हायचं औषध सोबत, ते विसरू नकोस." तिनं बाज खिडकीशी ओढली, टेबलपंखा चेहऱ्याच्या समोर लावला, पुढे उशी ठेवून त्यावर हात टाकून वाकून बसायला शिकवलं. अर्ध्या तासात चंद्रकलाबाईंचे खांदे खाली आले. त्या एका दमात पाच शब्द बोलू लागल्या.

मग मोनालीनं विषय काढला. "ताई, नागपूरला नवीन औषधाची चाचणी चालू आहे म्हणतात. गाडी करून नेते मी."

सांगातीला वाईट बातमी सांगायची परवानगी नव्हती. पाच आठवडे त्यानं या प्रश्नाला "डॉक्टरांशी बोलून सांगते" एवढंच म्हटलं होतं.

"आजार मेंदूत गेल्यावर त्या चाचणीत घेत नाहीत, मोनाली. मी विचारून पाहिलं होतं. आणि तो प्रवास काकूंना झेपणार नाही."

"म्हणजे काहीच नाही करायचं?"

"मी आता जे केलं ते करायचं. रोज."

मोनाली रागानं उठून परसात गेली. बादल्या आपटल्याचा आवाज आला. चंद्रकलाबाईंनी विचारलं, "किती दिवस, खरं सांगा."

"दोन-तीन आठवडे. कमीही असतील."

"शेवटी जीव कोंडेल काय?"

"औषध वेळेवर मिळालं तर नाही. झोप वाढत जाईल. मी मोनालीला सगळं लिहून देते."

त्यांनी बराच वेळ संघमित्राचा हात धरून ठेवला. मग म्हणाल्या, "मले चंद्रपूरले नका नेऊ. पोरीले तुम्हीच सांगा. माह्यानं होत नाही."

ते सांगायला दोन तास गेले. मोनाली भांडली, रडली, संघमित्राला नको ते बोलली. शेवटी आईच्या पायाशी येऊन बसली आणि डोस कसा भरायचा ते पुन्हा दाखवा म्हणाली. साडेबाराची बस चुकली. साडेचारची मिळाली.

*

सहा वाजता संघमित्रानं खण उघडला. फोनच्या पडद्यावर नऊ निरोप होते. नऊही सांगातीचे, सुधाकर येरगुडेंबद्दल.

अंगाला खाज सुटते म्हणून सुधाकरनं अकरा वाजता डेपोत पट्टी काढून ठेवली होती. ठरलेल्या वेळी नर्सचा फोन गेला नाही की दहा मिनिटांनी सांगाती तिच्या आवाजात तो फोन स्वतः करत असे. हे तिला माहीत नव्हतं, कारण तिचा फोन कधी चुकलाच नव्हता. बारा दहाला सांगातीनं विचारलं होतं, ताप आहे का. सुधाकर म्हणाला होता, "ओके, ओके, एकदम ओके." सांगातीनं नोंद केली: समाधानकारक. अडीचला पट्टी अजून बंद दिसल्यावर त्यानं निरोप पाठवला: नर्सनं स्वतः बोलावं. पुन्हा पाठवला. नर्स उपलब्ध आणि जागेवर दिसत असेल तर तो दोन तास वाट पाहून मगच दुसरीकडे कळवत असे. त्या दोन तासांत सुधाकर हुडहुडी भरून बसच्या खाली आडवा झाला होता.

शेवटच्या निरोपात होतं, डेपोतल्या लोकांनी त्याला रुग्णालयात आणलंय. ती धावत अतिदक्षता विभागात गेली. काचेपलीकडे त्याच्या घशात नळी होती. जंतू रक्तात पसरले होते. बाहेरच्या बाकावर त्याची बायको करुणा त्याचे ग्रीस लागलेले कपडे मांडीवर घेऊन बसली होती.

शनिवारी दुपारी सुधाकर गेला.

सोमवारी संघमित्रा डॉ. देवतळेंच्या खोलीत गेली आणि तिनं सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"नोंदीत काय आहे पाहिलंत?" त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. *बारा दहा. संघमित्रा खोब्रागडे यांचा रुग्णाशी संवाद. समाधानकारक.* "सांगातीच्या लेखी तुम्ही फोन केला होता. अडीचचे निरोप तुम्ही पाहिले नाहीत, एवढीच चूक. दिवसभर गर्दी होती. हे माझ्याकडेच राहू द्या, सिस्टर. पासष्ट माणसं आहेत तुमच्यावर. तुम्हाला घरी बसवलं तर त्यातली किती जातील, तेसुद्धा सांगाती सांगू शकेल."

ती गप्प राहिली. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, दोन आठवडे. ठरलेल्या वेळेच्या आधीच ती फोन लावायची. एकदा तर एका म्हाताऱ्यांना सकाळपासून चार वेळा ताप विचारला, तेव्हा ते वैतागून म्हणाले, "बाई, बरी आहेस ना तू?"

चंद्रकलाबाई त्या भेटीनंतर एकोणिसाव्या दिवशी गेल्या. दुपारी, झोपेत, घरीच. मोनालीनं रुग्णालयाच्या क्रमांकावर फोन केला नाही. बसनं येऊन तिनं समक्ष सांगितलं आणि लगेच परत गेली.

त्याच संध्याकाळी संघमित्रा सुधाकरच्या घरी गेली.

*

करुणानं तिला आत घेतलं, पाणी दिलं. लेकी शिकवणीला गेल्या होत्या. भिंतीवरच्या सुधाकरच्या फोटोत तो बसच्या टपावर बसून हसत होता.

"तुम्ही याल असं वाटलंच होतं," करुणा म्हणाली. "त्यायचं शेवटचं बोलणं तुमच्याशीच झालं. माह्या फोन तं उचललाच नाही त्या दिवशी. तुमचा उचलला. मले तेवढंच बरं वाटते, मॅडम, का कोणीतरी विचारलं त्याईले."

इथे उठून निघून जाता आलं असतं. संघमित्रानं पेला खाली ठेवला.

"तो फोन माझा नव्हता."

"म्हणजे?"

"मशीन बोललं. माझ्या आवाजात. मी नव्हते."

करुणाला समजायला वेळ लागला. तिनं पुन्हा विचारलं, संघमित्रानं पुन्हा सांगितलं, यावेळी सगळं, खणातल्या फोनसकट.

"तुम्ही असता तं त्यायनं खरं सांगतलं असतं?"

"नाही. माझ्याशीही ते खोटंच बोलायचे." संघमित्रानं फोटोकडे पाहिलं. "पण दोनदा ओके म्हणाले की मला कळायचं. मी त्यांना लगेच दवाखान्यात बोलावलं असतं."

"मंग वाचले असते."

"हो. बहुतेक."

करुणाचा चेहरा दगडासारखा झाला. "कुठं होत्या तुम्ही?"

"एका पेशंटकडे. गावी."

"ते वाचली काय?"

"नाही. आज गेली."

"वाचणार होती काय?"

"नाही."

"मंग कायले गेल्या?" करुणा ओरडली. "मरणाऱ्या बाईसाठी माह्या जिवंत माणूस सोडून कायले गेल्या तुम्ही?"

"मी येते म्हणून तिला सांगितलं होतं."

"तुम्ही सांगतलं होतं?"

"नाही," संघमित्रा म्हणाली. "माझ्या आवाजानं."

बाहेर कुणाची तरी सायकल फाटकाला टेकल्याचा आवाज आला आणि गेला. करुणा उठली. संघमित्राला वाटलं, आता ती हाकलून देईल, आणि तिला ते हवंही होतं. पण करुणा आतल्या खोलीत गेली आणि लेकीची वही आणि पेन घेऊन आली. कोरं पान उघडून तिनं ते संघमित्राच्या समोर ठेवलं.

"लिहा."

"दवाखान्यात जाऊन लिहून देते मी. उद्या सकाळीच."

"इथं. माह्यासमोर. तुमच्या हातानं."

नोकरी जाईल, हे संघमित्राला माहीत होतं. पासष्ट माणसं दुसऱ्या कुणाच्या तरी यादीत जातील, आणि ती यादी आधीच भरलेली असेल, हेही माहीत होतं. तिचा आवाज बंद झाला तर शांत यादीतल्या तीनशे माणसांना उद्या फोन येणार नाही, किंवा दुसऱ्या कुणाच्या आवाजात येईल. यातलं काय बरं, हे तिला ठरवता येत नव्हतं. समोर ही बाई बसली होती, आणि तिनं खरं मागितलं होतं.

तिनं पेन उचललं. वर तारीख टाकली, खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. अक्षर मोठं काढलं.

*बुधवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी सुधाकर येरगुडे यांना झालेला फोन मी केलेला नव्हता.*

करुणानं वही आपल्याकडे ओढून ती ओळ वाचली. मग वही परत तिच्या पुढ्यात सरकवली.

"पुढं," ती म्हणाली.